केअरर्स अलाउन्स किंवा पिप मिळत असताना जोडीदाराचा यूके व्हिसा: पैशांची अट कशी पूर्ण करायची

माझं लग्न मिरजेला झालं आणि सुट्टी संपल्यावर मी एकटीच लेस्टरला परत आले. आईला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिचं उठवणं, बसवणं, आंघोळ, औषधं सगळं मी बघते, त्यामुळे माझी नोकरी आठवड्याला फक्त १२ तासांची. ज्याला विचारावं त्याच्या तोंडी एकच आकडा होता: वर्षाला २९,००० पौंड. तेवढा पगार असेल तरच नवऱ्याला आणता येतं. नवऱ्याने तिकडे एका एजंटाला गाठलं, तर तो म्हणाला, "ताई सरकारी भत्त्यावर आहेत ना? मग केसच उभी राहणार नाही." सल्ल्याचे पैसे त्याने घेतले ते घेतलेच.

त्याचं म्हणणं चुकीचं होतं. यूकेत राहणाऱ्या जोडीदाराला केअरर्स अलाउन्स (आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याला मिळणारा) किंवा पिप (स्वतःच्या आजारासाठी वा अपंगत्वासाठी मिळणारा) असे काही ठरावीक भत्ते मिळत असतील, तर २९,००० ची अट लागूच होत नाही. वेगळी आणि बरीच कमी रकमेची अट लागू होते. हे मला कळायला चार महिने लागले. तुमचे चार महिने वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. आकडे इंग्लंडमधले आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. भत्त्यांचे दर दर एप्रिलला बदलतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात गव्ह डॉट यूकेवर ताजे आकडे बघून घ्या.

दोन शब्द आधी स्पष्ट करते. यूकेत राहणारा नागरिक किंवा कायम वास्तव्याचा हक्क असलेला जोडीदार म्हणजे स्पॉन्सर. भारतातून अर्ज करणारा तो अर्जदार. अर्ज कागदोपत्री त्याचा असला, तरी पैशांचे जवळपास सगळे पुरावे स्पॉन्सरने जमवायचे असतात.

१. तुम्हाला कोणती अट लागू होते ते आधी ठरवा

जोडीदाराच्या व्हिसाचे नियम 'अपेंडिक्स एफएम' या भागात आहेत. जुलै २०१२ पासून किमान उत्पन्नाची अट १८,६०० पौंडांची होती, ती ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० झाली. याच नियमांत सूट देणाऱ्या भत्त्यांची यादी आहे. पुढच्यांपैकी एक जरी भत्ता स्पॉन्सरला मिळत असेल, तर २९,००० चा विषय संपतो:

- केअरर्स अलाउन्स
- पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, ज्याला सगळे पिप म्हणतात
- डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स
- अटेंडन्स अलाउन्स (पेन्शनच्या वयाच्या, देखभाल लागणाऱ्या व्यक्तींसाठी)
- इंडस्ट्रियल इंज्युरीज डिसेबलमेंट बेनिफिट
- सिव्हिअर डिसेबलमेंट अलाउन्स
- सैन्यातल्या किंवा पोलिसांतल्या दुखापतीबद्दल मिळणारी काही पेन्शन आणि भत्ते
- स्कॉटलंडमध्ये याच भत्त्यांच्या जागी आलेले, जसे अ‍ॅडल्ट डिसेबिलिटी पेमेंट आणि केअरर सपोर्ट पेमेंट

या यादीत काय नाही तेही लक्षात ठेवा. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नावर मिळणारी महिन्याची सरकारी मदत) नाही, चाइल्ड बेनिफिट नाही, हाउसिंग बेनिफिट नाही. नुसतं युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्याला २९,००० ची अट लागूच राहते. "भत्ता मिळतो, म्हणजे सूट आहे" असं गृहीत धरून अर्ज केला तर तो नाकारला जाणार आणि फी वाया जाणार.

भत्ता स्पॉन्सरच्याच नावाने हवा हेही महत्त्वाचं. माझ्या आईला अटेंडन्स अलाउन्स मिळतो, पण तो तिचा. माझ्या नवऱ्याच्या अर्जाला त्याचा थेट उपयोग शून्य. उपयोग झाला तो असा, की तिला तो मिळतो म्हणून तिची काळजी घेणारी म्हणून मला केअरर्स अलाउन्स मिळू शकला.

२. हक्क असून भागत नाही, भत्ता प्रत्यक्ष मिळत असला पाहिजे

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि आपल्या ओळखीतल्या अनेक बायका इथेच अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये काळजी घेणाऱ्यांसाठी वेगळी रक्कम असते, तिला केअरर एलिमेंट म्हणतात. २०२५-२६ मध्ये ती महिन्याला २०१.६८ पौंड होती. मला ती मिळत होती. केअरर्स अलाउन्स मात्र मी मागितलाच नव्हता, कारण तो मिळाला की तेवढीच रक्कम युनिव्हर्सल क्रेडिटमधून पूर्णच्या पूर्ण कापली जाते. हातात येणारा पैसा तेवढाच राहतो, मग एवढा मोठा फॉर्म कशाला भरायचा, असं मला वाटायचं.

व्हिसासाठी मात्र या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. केअरर एलिमेंट सूट देणाऱ्या यादीत नाही, केअरर्स अलाउन्स आहे. म्हणजे घरखर्चाला ज्या फॉर्मने एका पैशाचा फरक पडत नव्हता, त्याच फॉर्मने माझी अट २९,००० वरून खाली आणली.

तुम्ही आठवड्याला किमान ३५ तास कुणाची तरी काळजी घेत असाल आणि त्या व्यक्तीला अटेंडन्स अलाउन्स, पिपचा डेली लिव्हिंग भाग किंवा डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्सचा मधला वा वरचा केअर दर मिळत असेल, तर केअरर्स अलाउन्स मागा. २०२५-२६ मध्ये आठवड्याला ८३.३० पौंड मिळत होते. मागच्या तीन महिन्यांपर्यंतची रक्कमही मागता येते. मंजुरीचं पत्र हातात येऊन निदान एक हप्ता खात्यात जमा होईपर्यंत व्हिसाचा अर्ज करू नका.

अर्ज करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. ज्यांची काळजी घेता ते एकटे राहत असतील आणि त्यांना पेन्शन क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारी मदत) तीव्र अपंगत्वाची वाढीव रक्कम मिळत असेल, तर तुम्हाला केअरर्स अलाउन्स सुरू झाला की त्यांची ती रक्कम बंद होऊ शकते. माझ्या आईला पेन्शन क्रेडिट नसल्याने आमच्याकडे हा प्रश्न आला नाही. तुमच्याकडे येत असेल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये बसून दोन्ही घरांचा हिशेब करून घ्या, ते मोफत मदत करतात. दुसरी गोष्ट ज्येष्ठांसाठी: तुमची स्टेट पेन्शन केअरर्स अलाउन्सपेक्षा जास्त असेल तर हा भत्ता हातात पडत नाही. तेव्हा स्वतःच्या तब्येतीमुळे तुम्हालाच अटेंडन्स अलाउन्स किंवा पिप मिळू शकतो का, ते बघा.

३. आठवड्याचा हिशेब मांडा

सूट मिळाली म्हणजे पैशांची काहीच अट उरली नाही असं नाही. आता 'अ‍ॅडिक्वेट मेंटेनन्स' दाखवायचा, म्हणजे तुम्ही दोघं जादा सरकारी मदतीशिवाय राहू शकता एवढं उत्पन्न आहे हे सिद्ध करायचं. त्याचं सूत्र सोपं आहे:

हातात येणारं आठवड्याचं उत्पन्न, वजा घराचा खर्च. उरलेली रक्कम ही तेवढ्याच माणसांच्या ब्रिटिश कुटुंबाला मिळणाऱ्या इन्कम सपोर्टइतकी (कमी उत्पन्नासाठीचा जुना भत्ता) किंवा जास्त असली पाहिजे.

मुलं नसलेल्या जोडप्यासाठी इन्कम सपोर्टचा दर २०२५-२६ मध्ये आठवड्याला १४४.६५ पौंड होता. मुलं असतील तर त्यांच्या रकमा वर मिळवाव्या लागतात. उत्पन्न धरताना कर आणि नॅशनल इन्शुरन्स कापून हातात येतं ते धरायचं. त्यात तुम्हाला सध्या मिळणारे भत्ते मोजता येतात, युनिव्हर्सल क्रेडिटसुद्धा. त्यावर सूट मिळत नसली तरी सूट मिळाल्यावर ते उत्पन्नात धरलं जातं. या दोन गोष्टींची लोक फार गल्लत करतात.

माझा हिशेब असा होता:

- पगार: १२ तास गुणिले १२.२१ पौंड, म्हणजे आठवड्याला १४६.५२. एवढ्यावर कर किंवा नॅशनल इन्शुरन्स कापला जात नव्हता.
- केअरर्स अलाउन्स: ८३.३०
- युनिव्हर्सल क्रेडिट: महिन्याला ५४१.६५, म्हणजे आठवड्याला १२५
- एकूण: ३५४.८२

- घरभाडं: महिन्याला ६५०, म्हणजे आठवड्याला १५०
- कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर): वर्षाला १,०४०, म्हणजे आठवड्याला २०
- एकूण: १७०

३५४.८२ मधून १७० गेले, उरले १८४.८२. लागत होते १४४.६५. अट पूर्ण.

पहिल्यांदा हिशेब केला तेव्हा मी महिन्याच्या सगळ्या आकड्यांना सरळ चारने भागलं होतं. युनिव्हर्सल क्रेडिट १३५ च्या वर आणि भाडं १६२.५० आलं. दोन्ही चूक. महिन्यात चार आठवड्यांहून जास्त दिवस असतात. महिन्याची रक्कम असेल तर १२ ने गुणून ५२ ने भागायचं. केअरर्स अलाउन्स दर चार आठवड्यांनी जमा होत असेल, तर तिथे मात्र चारने भागणंच बरोबर: ३३३.२० भागिले चार, ८३.३०. बँकेच्या स्टेटमेंटवर दोन्ही प्रकारच्या नोंदी शेजारी शेजारी असतात, त्यामुळे प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने "महिना" की "चार आठवडे" ते लिहा आणि मगच कॅल्क्युलेटर हातात घ्या.

कौन्सिल टॅक्समध्ये आणखी एक खाच आहे. आईचं घर वेगळं आणि माझ्या घरात मी एकटीच प्रौढ असल्याने मला २५ टक्के सवलत होती. नवरा आल्यावर ती जाणार आणि वर्षाचं बिल साधारण १,३८७ होणार, म्हणजे आठवड्याला २६.६७. म्हणून मी हिशेब दोन्ही प्रकारे मांडला. सवलत गेल्यावरही १७८.१५ उरत होते. नवरा आल्यानंतरची परिस्थिती तुम्हीच आधी मांडून दाखवली, तर तपासणाऱ्याला शंका घ्यायला जागा उरत नाही.

नवऱ्याचा भारतातला पगार या हिशेबात धरू नका. इकडे आल्यावर तो थांबणार आहे. तो आल्यामुळे तुमचा एखादा भत्ता वाढेल असंही धरू नका.

बचत असेल तर ती व्हिसाच्या आठवड्यांवर विभागून उत्पन्नात मिळवता येते. पण आमच्या मामांनी प्रेमाने सुचवलं तसं काही करू नका. "१७-१८ हजार पौंड तुझ्या खात्यात टाकतो, व्हिसा झाला की परत कर," असं ते म्हणाले होते. उसना आणलेला पैसा बचत ठरत नाही. त्यातून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्याच्या खात्यात ६,००० पौंडांच्या वर पैसे गेले की क्रेडिट कमी होत जातं आणि १६,००० च्या वर गेले की बंदच होतं. म्हणजे हिशेबातला तोच आधार निघून जातो.

४. निकाल लागेपर्यंत भत्ता जपा

आपल्याकडे व्हिसा म्हटलं की जास्तीत जास्त पगार दाखवायचा अशी सवय असते. इथे ती घातक ठरते. २०२५-२६ मध्ये केअरर्स अलाउन्ससाठी कर आणि काही खर्च वजा जाता आठवड्याची कमाई १९६ पौंडांच्या आत असावी लागत होती. त्यावर एक पौंड गेला तरी त्या आठवड्याचा भत्ता थोडा कमी होत नाही, पूर्ण जातो. तेव्हाच्या ताशी १२.२१ पौंडांच्या किमान वेतनावर १६ तास केले तर १९५.३६ होत होते, १७ वा तास केला की मर्यादा ओलांडली.

डिसेंबरात आमच्या मॅनेजरबाईंनी जादा शिफ्ट देऊ केल्या. पैशांची गरज होतीच, मी हो म्हणून बसले. रात्री जेवताना आईने विचारलं, "आणि माझ्याकडे कोण बघणार?" त्या प्रश्नामुळे मी पुन्हा कागद काढला आणि आकडे बघून हात-पाय गार पडले. भत्ता गेला असता तर सूट गेली असती, सूट गेली असती तर २९,००० ची अट परत आली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी नकार कळवला. मॅनेजरबाईंना कारण सांगितलं, त्यांनी समजून घेतलं. तुमच्या वरिष्ठांनाही आधीच सांगून ठेवा, म्हणजे न विचारता कुणी तुमचं नाव जादा पाळीला लावणार नाही.

दुसरा धोका आपल्यासाठी खासच आहे, तो म्हणजे भारतातली सुट्टी. साखरपुडा, हळद, लग्न, देवदर्शन, सासरचा पहिला सण हे सगळं धरलं तर सहा आठवडे कधी जातात कळत नाही. केअरर्स अलाउन्स घेणाऱ्याला साधारणपणे चार आठवड्यांपर्यंतच परदेशी राहता येतं, आणि २६ आठवड्यांच्या काळात काळजी घेण्यातून सुट्टीही चारच आठवड्यांची. युनिव्हर्सल क्रेडिटला सर्वसाधारणपणे एक महिना. पिपची मर्यादा १३ आठवडे आहे, त्यामुळे पिपवाल्या मैत्रिणीचं ऐकून तिकीट काढू नका. जाण्याआधी कळवा आणि परतीची तारीख पक्की ठेवा. मी २५ दिवसांत परत आले. सासूबाईंना वाईट वाटलं, पण कारण सांगितल्यावर त्यांनीच माझी बॅग भरली.

५. घराचा पुरावा

घर तुम्हा दोघांना पुरेसं आहे आणि तिथे गर्दी होणार नाही हे दाखवायचं. स्वतःच्या मालकीचं घर लागत नाही, भाड्याचं किंवा कौन्सिलचं चालतं, आईवडिलांच्या घरातली तुम्हा दोघांची स्वतंत्र खोलीही चालते. हाउसिंग अ‍ॅक्ट १९८५ प्रमाणे दोन खोल्यांत तीन माणसं, तीन खोल्यांत पाच असा हिशेब असतो आणि त्यात बैठकीची खोलीही मोजतात. एक वर्षाखालचं बाळ मोजत नाहीत, दहा वर्षांखालचं मूल अर्धं धरतात.

लागतं ते एवढंच: भाडेकरार, आणि आणखी एक माणूस राहायला येणार याला घरमालकाची लेखी संमती. आई-वडिलांकडे राहणार असाल तर त्यांचं पत्र आणि घराचा कागद.

६. कागदपत्रं

पैशांसाठी:

- केअरर्स अलाउन्सचं किंवा तुमच्या भत्त्याचं डीडब्ल्यूपीचं (भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याचं) पत्र. भत्ता सध्या चालू आहे आणि रक्कम किती, दोन्ही त्यात लिहिलेलं हवं. जुनं मंजुरीपत्र असेल तर फोन करून नवीन मागवा.
- तो भत्ता तुमच्या खात्यात जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट. नियमाप्रमाणे मागच्या १२ महिन्यांतलं निदान एक, मी सहा महिन्यांची दिली.
- युनिव्हर्सल क्रेडिटची महिन्याची स्टेटमेंट, ऑनलाइन खात्यातून उतरवून
- सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि तो पगार जमा झालेली स्टेटमेंट
- कंपनीचं पत्र: नोकरी कधीपासून, कायम की ठरावीक मुदतीची, वर्षाचा पगार किती, आणि तो पगार कधीपासून
- भाडेकरार आणि कौन्सिल टॅक्सचं बिल
- हिशेबाचं एक पान, तुम्ही स्वतः मांडलेलं

बँकेची शेवटची नोंद अर्जाच्या दिवसाच्या आधीच्या २८ दिवसांतली असू द्या. स्टेटमेंट ऑनलाइन छापलेलं असेल तर शाखेत जाऊन शिक्का मारून घ्या, मी प्रत्येक पानावर मारून घेतला. भत्ता आईच्या किंवा भावाच्या खात्यात जमा होत असेल तर आजच बदलून स्वतःच्या खात्यात घ्या.

नात्यासाठी: विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, एकमेकांना भेटल्याचे पुरावे, विमानाची तिकिटं, वेगवेगळ्या काळातले थोडे फोटो, व्हॉट्सअ‍ॅप कॉलच्या यादीची काही पानं. लग्नाचा अख्खा अल्बम जोडू नका.

प्रमाणपत्राबद्दल जरा थांबून सांगते. आमच्या लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत झाली आणि दाखला मराठीत मिळाला. इंग्रजी किंवा वेल्शमध्ये नसलेल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण भाषांतर लागतं. त्यावर भाषांतर बिनचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क असावा लागतो. आमच्या पहिल्या भाषांतरावर शिक्का भला मोठा होता, पण संपर्काची ओळच नव्हती. नवऱ्याने परत फेरी मारून ती घालून घेतली. शिवाय दाखल्यावर माझं नाव लग्नानंतरचं आणि पासपोर्टवर माहेरचं होतं, तेव्हा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आम्ही जोडलं. नोंदणीच्या वेळीच पासपोर्टवर आहे तसंच नाव घालायला सांगा, पुढची धावपळ वाचेल.

७. इंग्रजी, टीबी आणि फी

अर्जदाराला इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची मान्यताप्राप्त परीक्षा द्यावी लागते. आमच्या वेळी पहिल्या व्हिसाला ए१ ही पातळी पुरत होती. इंग्रजीतून शिकवलेली पदवी असेल तर 'एक्टिस' या संस्थेकडून तसं प्रमाणित करून घेता येतं. टीबीची तपासणी होम ऑफिसने (यूकेच्या गृहखात्याने) मान्यता दिलेल्याच दवाखान्यात करायची, घराजवळच्या लॅबचा रिपोर्ट चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने चालतं, म्हणून बाकीचे कागद जमत आले की मगच जा.

फीची तयारी मात्र पहिल्या दिवसापासून करा. २०२५-२६ मध्ये भारतातून अर्जाची फी १,९३८ पौंड होती, आणि एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) सरचार्ज वर्षाला १,०३५ च्या दराने एकूण ३,१०५ पौंड. म्हणजे ५,०४३ पौंड, तेही अर्ज भरतानाच. आम्ही दोघांनी मिळून ते जमवायला वर्ष लावलं. ज्यांना खरोखर परवडत नाही त्यांच्यासाठी फी माफीचा वेगळा अर्ज असतो. तो व्हिसाच्या अर्जाआधी करावा लागतो आणि खर्चाचे बारीक पुरावे मागतात.

८. अर्ज भरताना

फॉर्म ऑनलाइन असतो. पैशांच्या भागात स्पॉन्सरला सूट देणारा भत्ता मिळतो का असं विचारतात. तिथे तुमचा भत्ता निवडा. घाईत पगाराची कॅटेगरी निवडलीत, तर तुमचा अर्ज २९,००० च्या मापाने मोजला जाण्याचा धोका असतो.

स्पॉन्सर सार्वजनिक निधीतून मदत घेतो का, या प्रश्नाला खरं उत्तर द्या. लाज वाटून "नाही" लिहिलेलं मी पाहिलं आहे. तुमचे भत्ते हा तुमचा कायदेशीर हक्क आहे आणि तुमचा अर्ज त्यांच्याच आधारावर उभा आहे. खोटी माहिती दिल्याचं दिसलं तर अर्ज नाकारला जातोच, वर दहा वर्षांपर्यंत पुढचे अर्ज अडकू शकतात.

सोबत एक पानी पत्र लिहा. मी तीनच गोष्टी लिहिल्या: मला केअरर्स अलाउन्स मिळतो म्हणून किमान उत्पन्नाची अट नाही तर अ‍ॅडिक्वेट मेंटेनन्स लागू आहे, हा हिशेब, आणि प्रत्येक आकड्याचा पुरावा अमुक क्रमांकाच्या कागदात. कागदांना क्रमांक द्या आणि त्याच नावाने अपलोड करा.

बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला अर्जदाराला केंद्रावर जावं लागतं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात सोय आहे. माझा नवरा रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला आणि दुपारी परतीची गाडी पकडली.

सल्ला घ्यायचा असेल तर यूकेतल्या सॉलिसिटरचा किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंद असलेल्या सल्लागाराचा घ्या. पैसे भरण्याआधी त्यांना एकच प्रश्न विचारा: "स्पॉन्सरला केअरर्स अलाउन्स असेल तर कोणती अट लागते?" उत्तरात २९,००० आले तर उठून या.

नकार आलाच तर पत्र नीट वाचा. भारतातून अपील करायला २८ दिवस मिळतात. कागद कमी पडल्याने नकार आला असेल तर काही वेळा नव्याने अर्ज करणं लवकर होतं, पण फी पुन्हा भरावी लागते. हे ठरवण्यासाठी मात्र वकिलाकडे जाच.

९. व्हिसा आल्यानंतर

आम्हाला ११ आठवड्यांनी होकार आला. व्हिसा ३३ महिन्यांचा असतो आणि त्यावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट असते. म्हणजे नवऱ्याने स्वतःच्या नावाने युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट वगैरे मागायचं नाही. नोकरी तो पहिल्या दिवसापासून करू शकतो. एनएचएसचे उपचार यात मोडत नाहीत, सरचार्ज त्यासाठीच भरलेला असतो. तुमचे स्वतःचे भत्ते तुम्ही घेत राहू शकता.

तो घरी राहायला आला की युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन जर्नलमध्ये लगेच कळवा. तुमचा हिशेब एकट्याच्याच दराने होतो, पण त्याची कमाई आणि बचत मोजली जाते, त्यामुळे त्याला पगार सुरू झाला की तुमचं क्रेडिट कमी होईल. पहिल्या महिन्यात हे अंगावर येतं, थोडे पैसे बाजूला ठेवा. कौन्सिलला कळवून एकट्याची सवलत काढून घ्या. ती राहिली तर नंतर एकदम वसुलीचं पत्र येतं.

३३ महिने संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज करायचा, तेव्हा पैशांची अट पुन्हा तपासतात. त्या वेळी तुम्हाला सूट देणारा भत्ता चालू असेल तर हाच हिशेब पुन्हा. नसेल तर २९,००० ची अट, पण आता त्याचा यूकेतला पगारही मोजतात, त्यामुळे दोघांचा मिळून ती गाठता येते.

हे लिहिताना हात जड होतो, पण सांगायला हवं. ज्यांची काळजी घेता ती व्यक्ती गेली, तर केअरर्स अलाउन्स त्यानंतर आठ आठवडे मिळतो आणि मग थांबतो. मुदतवाढीच्या आधी असं झालं तर सूटही गेलेली असते. म्हणून नवरा आल्यापासून आम्ही त्याच्या नोकरीच्या पावत्या, कंपनीची पत्रं आणि बँकेची स्टेटमेंट पहिल्या महिन्यापासून एका फाइलमध्ये लावतो आहोत. आईला ती फाइल कशासाठी ते ठाऊक आहे. टीव्हीखालच्या कप्प्यात ती ठेवायची जागा तिनेच रिकामी करून दिली.